सज्ज्याची सळई वरच हवी

सज्जा, छज्जा किंवा बाहेर काढलेली गॅलरी एकाच बाजूला पकडलेली असते. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्ये वाकतो, त्यामुळे ताण त्याच्या खालच्या अंगाला येतो. सज्ज्यात उलट घडते. तेथे ताण वरच्या अंगाला येतो आणि भिंतीलगत तो सर्वाधिक असतो. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून सज्ज्याची मुख्य सळई वर असावी लागते. ती आतल्या स्लॅबमध्येही सज्ज्याच्या लांबीच्या दीडपट न्यावी, हा बांधकामावरचा जुना पाठ चांगला आहे.

घात बहुधा आकडेमोडीत होत नाही, स्लॅब भरण्याच्या दिवशी होतो. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका दुमजली घराच्या कामावर सकाळी नीट बांधलेली सळई घमेली वाहणाऱ्यांच्या पायांखाली दबून दुपारपर्यंत जाडीच्या मध्यावर आली होती. १२० मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये ही सळई तळापासून साधारण ९५ मिलिमीटरवर असते. ती ४० मिलिमीटर खाली गेली की चाळीस टक्क्यांच्या आसपास ताकद गेलीच, आणि काँक्रीट पडल्यावर ते कोणालाही दिसत नाही. तेथे काम थांबवून सळई उचलावी लागली. म्हणून सळईखाली भक्कम चेअर जवळजवळ बसवाव्यात, चालायला फळ्या टाकाव्यात आणि भिंतीलगतचा पट्टा भरताना जबाबदार इंजिनिअरने स्वतः उभे राहावे.

लांबीचा मोह आवरणे तितकेच गरजेचे आहे. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर सारख्या पसरलेल्या भाराने भिंतीलगतचे वाकवणारे बळ चौपट होते आणि टोकाचा झोल सोळापट. फ्रँक लॉइड राइट यांच्या पेनसिल्व्हेनियातील फॉलिंगवॉटर या घराचा मुख्य सज्जा सुमारे साडेचार मीटर पुढे येतो. आराखड्यापेक्षा जास्त लोखंड घालूनही तो सेंटरिंग काढताच झुकला आणि पुढची कित्येक वर्षे झुकतच राहिला. झोल सुमारे १८ सेंटिमीटरवर गेल्यानंतर २००२ मध्ये पोलादी तारा ताणून तुळया आवळाव्या लागल्या.

टेकू टोकाकडून भिंतीकडे काढत यावेत. खिडकीवरच्या छज्ज्याला मागची भिंत दाबून धरते. ती वरपर्यंत चढण्याआधी टेकू काढले, तर छज्जा लिंटेलसह उलटू शकतो.

राहायला आल्यावर गॅलरी बंद करणे, टोकावर विटांचा कठडा चढवणे किंवा पाण्याची टाकी ठेवणे हे धोक्याचे आहे, कारण टोकावरच्या वजनाला पूर्ण लांबीची तरफ मिळते. तडा वरून, भिंतीलगत सुरू होतो आणि फरशीखाली झाकला जातो. त्यातून मुरलेले पाणी नेमक्या मुख्य सळईला गंजवते. खालून गिलावा शाबूत दिसला म्हणून निश्चिंत राहू नये. भिंतीलगत फरशीचा सांधा उघडलेला किंवा उतार बदलून पाणी टोकाशी साचताना दिसले, तर गॅलरी रिकामी करून खालून जमिनीपर्यंत टेकू द्यावेत; फरशी त्यानंतरच उखडावी.