नवा रिसीव्हर बंद पडला, यात तुझं काही चुकलं नाही

शनिवारी रात्री साडेदहाला तुझा फोन आला, तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची डाळ निवडत बसले होते. कानबाईच्या सणाच्या आदल्या रात्री आपल्याकडे बाई लवकर झोपते कुठे? तू हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस. "ताई, नवाकोरा होता गं, दहा दिवससुद्धा झाले नाहीत," एवढं बोललीस आणि रडायलाच लागलीस.

मग हळूहळू कळलं. भिशीच्या पैशांतून नाशिकहून आणलेला होम थिएटरचा रिसीव्हर. कानबाईची अहिराणी गाणी घरभर वाजावीत म्हणून तू हट्टानं आधी आणवलेला. आणि नेमका त्या रात्री तो टक् करून बंद पडला. पुन्हा लावला, दोन सेकंद उजेड दिसला, पुन्हा टक्. मग नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला.

खरं सांगू का, तुला पैशांचं दुःख नव्हतंच. शेवटचं बटण तू दाबलं होतंस, याचं होतं. सासूबाई स्वयंपाकघरातून नुसतं "काय जायं व माय, बंद पडी गयं का?" म्हणाल्या, तर तुला त्यात आरोप ऐकू आला. बघ, मी त्यांना ओळखते. त्यांना फक्त काय झालं ते विचारायचं होतं. पण नवीन वस्तू बिघडली की घरातली बाई आधी स्वतःचे हात तपासते, हे मी माझ्यावरून सांगते.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या चुलत दिरांनी अमेरिकेतून असाच रिसीव्हर आणला होता. ते झोपले होते आणि मला घाई. पिन आपल्या सॉकेटमध्ये बसेना, म्हणून मी मोबाइल चार्जरसाठीचा पिन बदलणारा अडॅप्टर लावला आणि बटण दाबलं. आतून फट् आवाज आला आणि जळकट वास सुटला. पाठीमागे छापलेलं होतं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ येतात. त्या अडॅप्टरनं पिनेचा आकार बदलला, व्होल्टेज तेवढंच राहिलं. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, जेवण गेलं नाही. तेव्हापासून नवीन वस्तू आली की मी आधी तिची पाठ वाचते. तूही वाच. तुझा नाशिकच्या दुकानातला आहे, म्हणजे २३० व्होल्टचाच असणार, पण एकदा डोळ्यांनी बघून घे.

आता बटणाचं ऐक. इलेक्ट्रॉनिक वस्तू कधी बिघडतात याचा जो आलेख इंजिनिअर काढतात, तो आंघोळीच्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला उंच, मग बरीच वर्षं सपाट, शेवटी पुन्हा उंच. एखादा डाग कच्चा लागलेला असतो, एखादा पार्ट मुळातच कमजोर असतो, आणि तो पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत उघडा पडतो. म्हणजे नवीन वस्तू नवीन असतानाच बिघडणं ही अगदी ओळखीची गोष्ट आहे. तू बटण दाबलं नसतंस तर दुसऱ्या कुणी दाबलं असतं, आणि तेव्हाही तो टक् करूनच बसला असता.

पण लगेच "खराबच आहे" असंही म्हणू नकोस. टक् आवाज, लुकलुकणारा लाल दिवा आणि आपोआप बंद होणं, हे बहुतेक रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी करतात. त्याला प्रोटेक्ट मोड म्हणतात. आत काहीतरी बिनसलंय असं वाटलं की तो स्वतःच वीज तोडतो. तो कशामुळे घाबरला, ते घरच्या घरी थोडं बघता येतं.

जळकट वास आला असेल किंवा धूर दिसला असेल, तर मात्र इथेच थांब. प्लग काढ आणि पुन्हा लावून बघायचा मोह आवर. दर वेळी लावून बघितलं की नुकसान वाढतं.

वास नसेल तर भिंतीवरचं बटण बंद कर, प्लग काढ आणि चहा कर. दहा-पंधरा मिनिटं तो तसाच राहू दे. तेवढ्यात त्याच सॉकेटला मिक्सर लावून बघ, म्हणजे सॉकेटचा दोष आहे का ते कळेल. रिसीव्हर एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर तो बोर्ड बाजूला काढ आणि सरळ भिंतीत लाव.

मग पाठीमागच्या स्पीकरच्या वायरी बघ, अगदी जवळून, मोबाइलचा टॉर्च लावून. तिथे लाल आणि काळे बूच शेजारी शेजारी असतात. वायरीच्या टोकाला तांब्याचे केसासारखे बारीक धागे असतात. त्यातला एकच धागा बाहेर सुटून शेजारच्या बुचाला टेकला, तरी रिसीव्हर बंद पडतो. आपल्याकडे वायरी घाईत जोडतात आणि असे धागे पिंजारलेले राहतात. प्लग काढलेला असतानाच त्या सोड आणि धागे निरांजनाच्या वातीसारखे घट्ट वळ. तुला वाती वळता येतात, तेव्हा हेही येईल. पण लगेच जोडू नकोस. आधी एकही स्पीकर न लावता रिसीव्हर सुरू करून बघ. शांतपणे चालू राहिला तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे. प्लग काढून एकेक स्पीकर जोडत जा, म्हणजे कुठला ते सापडेल. स्पीकर नसतानाही टक् करून बंद पडला, तर दोष आतला आहे. या एका गोष्टीसाठी मेकॅनिक येण्याची वाट बघायला नको.

स्पीकर जुने आहेत ना? मग रिसीव्हरच्या मागे किती ओहमचे स्पीकर चालतील ते छापलेलं असतं, आणि स्पीकरच्या पाठीवरही ओहम लिहिलेले असतात. रिसीव्हरला किमान ६ लागत असतील आणि स्पीकर ४ ओहमचे असतील, तर मोठ्या आवाजात तो तापून बंद पडू शकतो.

तापण्यावरून आठवलं. शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवलायस, आणि वर तो विणलेला रुमाल घातलायस, हो ना? मला माहीत आहे, तो तू रुखवतासाठी विणलेला. पण बाई, त्याच्या डोक्यावरच्या जाळीतूनच तर गरम हवा बाहेर जाते. रुमाल काढ, वर आणि मागे मोकळी जागा ठेव.

आणि तो चालू राहिला पण आवाजच येत नाही, असं झालं तर घाबरू नकोस. तो वेगळा प्रकार आहे. हेडफोन कुणी खोचून ठेवलाय का बघ, कारण तो असला की स्पीकर गप्प होतात. टीव्हीची केबल एआरसी लिहिलेल्या खाचेत आहे का, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेरच्या स्पीकरकडे वळवलाय का, तेही तपास. पोरं रिमोटशी खेळली की हे हमखास बदलतं.

एवढं करूनही बंदच राहिला, तर हात मागे घे. आणि आता जे सांगते ते मोठ्या बहिणीचा हुकूम समज. झाकण कुणालाही उघडू देऊ नकोस. गल्लीतला तो मुलगा भला आहे, टीव्ही नीट करतो, तुझ्यावर उपकार म्हणून फुकट उघडून देईल. नको. सील तुटलं की कंपनीचा माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो आणि वॉरंटी संपते. शिवाय आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते, आणि तिचा झटका बसतो. तुझ्या भाऊजींनाही सांगून ठेव, पेचकस घेऊन बसायचं नाही.

त्याऐवजी फोन हातात घे. मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढ. लाल दिवा लुकलुकतानाचा, तो टक् आवाज येईल असा व्हिडिओ काढ. बिलावर तोच सीरियल नंबर आहे का ते जुळव. खोका आणि थर्माकोल टाकला नाहीस ना? वस्तू परत द्यायची वेळ आली तर ते लागतील.

दुकानदाराला फोन कर, पण फोनवर थांबू नकोस. तेच सगळं व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लिहून पाठव. कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या रात्री बंद पडला, तू काय काय तपासलंस. आणि स्पष्ट लिही, "वस्तू सदोष आहे, बदलून द्यावी अथवा पैसे परत करावेत." सुरुवातीलाच "रिपेअर करून द्या" असं तोंडातून जाऊ देऊ नकोस. दहा दिवसांची वस्तू उघडून, जोडून, पुन्हा तुझ्या गळ्यात मारायची, हे मला मान्य नाही. बऱ्याच कंपन्या सुरुवातीच्या काही दिवसांत वस्तू बदलून देतात. ती मुदत प्रत्येकीची वेगळी असते, म्हणून वॉरंटी कार्ड आजच वाच.

दुकानदार म्हणेल, बिलावर लिहिलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या ओळीनं मीही एकदा गप्प बसले होते, मिक्सरच्या वेळी. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, तुला ठाऊक असू दे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिली नसेल तर ३० दिवसांत. तुझे दहा-अकरा दिवस झालेत, म्हणजे हातात अजून वेळ आहे. पण कानबाईचं आवरायचं आहे, मग बघू, असं करत तो घालवू नकोस.

कंपनीचा माणूस घरी आला की त्याच्या कागदावर काय लिहितो ते वाच. "युजर मिस्टेक" असं काही लिहिलं तर सही करू नकोस. त्याच्याशेजारी तुझं म्हणणं लिही. आणि तो जाताना मोबाइलवर आलेला ओटीपी मागेल. तो ओटीपी दिला की कंपनीच्या दप्तरी तक्रार बंद होते. रिसीव्हर सुरू होऊन, गाणं लागून, अर्धा तास वाजल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. तो म्हणेल, ताई, मला पुढे पिंपळनेरला जायचंय. जाऊ दे. चहा पाज, पण ओटीपी देऊ नकोस.

कुणीच दाद दिली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंही नाही झालं, तर धुळ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. खरेदी नाशिकची असली तरी तू जिथे राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही सोय नव्या कायद्यानं दिली आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. तुला तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. पण आपल्याला रस्ता माहीत आहे, हे समोरच्याला तुझ्या आवाजावरूनच कळतं.

आता नवा आला की काय करायचं, ते ऐक. आपल्या तालुक्यात छडवेल, ब्राह्मणवेलकडे एवढ्या पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, म्हणून घरात वीज सुरळीत येईल असं आपण धरून चालतो. पण ती वीज मोठ्या लाइनीनं पुढे जाते. तुझ्या घरातलं व्होल्टेज ठरतं तुझ्या गल्लीच्या डीपीवर आणि त्या डीपीवर किती भार आहे यावर. शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो, एकदम बंद झाल्या की भगभगतो. म्हणून रिसीव्हरला स्टॅबिलायझर लाव. लाल बटणाच्या एक्स्टेन्शन बोर्डाला स्टॅबिलायझर समजू नकोस. चांगला स्पाइक गार्ड अचानक आलेला झटका झेलतो, पण कमी-जास्त व्होल्टेज सावरत नाही. आणि घरात एका खोलीतला बल्ब भगभगीत आणि दुसरीतला मंद असं कधी दिसलं, तर ते न्यूट्रल ढिला झाल्याचं लक्षण आहे. मेन स्विच लगेच पाड आणि वायरमनला बोलाव. तसं झालं तर रिसीव्हरच काय, फ्रिजही जातो. अर्थिंगही एकदा तपासून घे. घर बांधताना मीठ-कोळसा घालून केलेला तो खड्डा कोरडा पडला असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी सोडत जा.

परवाच्या रात्री तुझ्या सासूबाईंनी शेजारच्या आजींना बोलावलं आणि ढोलकीवर पहाटेपर्यंत गाणी झाली, हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज जरा बरा वाटला. फुगडी घालताना तुझी बांगडी फुटली, तेही सांगितलंस.

दुकान अकराला उघडतं ना? त्याआधी बिलाचा आणि त्या स्टिकरचा फोटो मला पाठव. मेलचा मजकूर मी बघून देते, मग पाठव. आणि माळ्यावरून खोका खाली काढताना थर्माकोलचे तुकडे मोज, एकही राहायला नको.