दम लागतो, पण बीपी नॉर्मल : सिकलसेल रुग्णांनी इकोचा रिपोर्ट कसा वाचावा

दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो, तो सगळ्या शरीराला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्यांचा असतो. हृदयाची उजवी बाजू मात्र रक्त फुप्फुसांकडे ढकलते. तिथला दाब वेगळा आणि बराच कमी, साधारण वीस-पंचवीसपर्यंत असतो. तो दुप्पट झाला तरी दंडावरचा आकडा ११०/७० दाखवू शकतो. म्हणून "बीपी चांगलं आहे" या वाक्यावर दम लागणाऱ्या माणसाने समाधान मानू नये.

मी वॉर्डात नोकरीला असताना १९ वर्षांची एक मुलगी आली होती. सिकलसेल, एसएस पॅटर्न. दोन जिने चढली की बसायची. घरचे म्हणायचे, रक्त कमी आहे म्हणून. आम्हीही तेच म्हणत होतो. तिचा टू-डी इको झाला होता. रिपोर्टवर "ईएफ ६०" बघून मीच तो फाईलमध्ये लावला. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्याची ताकद, आणि ती उत्तमच होती. त्याच्या चार ओळी खाली "टीआर वेग ३.१" लिहिलं होतं. ती ओळ ना मी वाचली, ना तिला घरी सोडणाऱ्यांनी. सहा महिन्यांनी ती पायांवर सूज घेऊन परत आली.

विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल किती घरांत आहे, हे वाचकांना सांगायला नको. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साईड संपवून टाकतं. फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या आवळतात, काहींत गुठळ्या होतात आणि उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो. हे मुख्यतः एसएस रुग्णांबद्दल आहे. एएस, म्हणजे वाहक असलेल्यांनी ही धास्ती घेऊ नये.

इकोमध्ये सुई नाही, क्ष-किरण नाहीत. छातीवर जेल लावून प्रोब फिरवतात. उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जी झडप असते, तिच्यातून थोडं रक्त मागे गळतं. त्या गळतीला टीआर म्हणतात. डॉपलर तिचा वेग मोजतो. वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं आणि उजव्या वरच्या कप्प्यातला अंदाजी दाब त्यात मिळवायचा. वेग ३ असेल तर ४ गुणिले ९ म्हणजे ३६, त्यात ५ मिळवले की ४१. रिपोर्टमध्ये हा आकडा आरव्हीएसपी किंवा पीएएसपी नावाने असतो. वेगाचा वर्ग होत असल्याने मोजताना झालेली छोटी चूकही मोठी होते. ३ च्या जागी ३.३ धरलं की ३६ चे जवळपास ४४ होतात!

एरवी २.८ पर्यंतचा वेग चालतो. सिकलसेलच्या मोठ्या माणसांत मात्र २.५ पासूनच लक्ष ठेवतात. पण घाबरण्याआधी हेही समजून घ्या. रक्त कमी असलं की हृदय जास्त रक्त फेकतं, त्यानेही वेग वाढतो. म्हणूनच सिकलसेलच्या साधारण एक तृतीयांश प्रौढांत इकोवर वेग वाढलेला दिसतो, पण खरा आजार दहातल्या एकात किंवा त्याहून कमी जणांत सिद्ध होतो. तो सिद्ध करायला शिरेतून उजव्या हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. इको हा अंदाज आहे. उलटही होतं : गळती नीट दिसलीच नाही, तर रिपोर्टमध्ये दाबाचा आकडा येत नाही आणि लोक त्याला "नॉर्मल" समजतात. अशा वेळी उजवा कप्पा मोठा झालाय का, मधला पडदा डावीकडे दबलाय का, हे डॉक्टरांना विचारा.

दुखण्याचा झटका चालू असताना किंवा ताप असताना केलेल्या इकोत दाब तात्पुरता वाढलेला येतो. तातडीची गरज नसेल तर झटका ओसरून काही आठवडे गेल्यावर इको करावा. काहीच त्रास नसताना दरवर्षी इको काढायचीही गरज नाही, त्यात पैसे घालू नका. पण चालताना दम, छातीत दुखणं, चक्कर, पायांवर सूज, ऑक्सिजन कमी येणं, यांपैकी काहीही असेल तर "अशक्तपणा आहे" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. आणि मुलीला दम लागत असेल, तर दिवस जाण्याआधी ही तपासणी नक्की करा. फुप्फुसातला दाब वाढलेला असताना गरोदरपण जिवावर बेतू शकतं.

त्या मुलीची पुढे नळीची तपासणी झाली आणि दाब खरोखरच वाढलेला निघाला. अधूनमधून सुटणारं हायड्रॉक्सीयुरिया नियमित झालं, फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू झाल्या. तिच्या आईला लिहिता-वाचता येत नाही. मी तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर तारीख आणि टीआर वेग असे दोन रकाने आखून दिले. प्रत्येक इकोनंतर ती तिथल्याच कोणाकडून तेवढा आकडा लिहून घेते आणि पुढच्या डॉक्टरांसमोर आधी तेच पान उघडते.