आधी रान, मग शेळ्या

माण तालुक्यातला एक शेळीपालक सल्ला विचारायला आलेल्यांना आधी शेड दाखवत नाही. शेडमागच्या माळावर नेतो आणि म्हणतो, “यातलं शेळी काय खाते आणि काय खाऊन मरते, तेवढं दाखवा.” बहुतेकांचं बोट गवताकडे जातं. तिथून त्याची शिकवणी सुरू होते.

त्याची स्वतःची शिकवणी महागात पडली होती. उस्मानाबादी शेळ्या त्याने भर उन्हाळ्यात आणल्या. शेड पक्कं, पत्रे नवे आणि मागे वडिलोपार्जित माळ. माळ आहे म्हणजे चारा आहे, असा साधा हिशोब. मृगाच्या सरी झाल्या, माळ हिरवा झाला आणि त्याने फाटक उघडलं. आठवडा सरायच्या आत कळपातली सगळ्यात गुटगुटीत करडं एकेक करून आडवी झाली. संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं. आंत्रविषार. वाळला चारा खाणाऱ्या जनावराला एकदम कोवळं लुसलुशीत गवत पोटभर मिळालं, की आतड्यातले जिवाणू झपाट्याने वाढून विष तयार करतात, आणि आधी जातं ते अधाशासारखं खाणारं करडू. याची लस पावसाळ्यापूर्वी टोचतात. हल्ली तो ती मे महिन्यातच टोचून घेतो. पाऊस पडल्यावर पहिले काही दिवस शेळ्यांना वाळला चारा खाऊ घालून मगच, तेही थोडा वेळ, बाहेर काढतो.

पण लस म्हणजे रान नव्हे. माणसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात माळाचा हिरवेपणा दोन-तीन महिन्यांचा. शिवाय शेळी ही मुळात पाला ओरबाडणारी. मान वर करून, मागच्या पायांवर उभी राहून ती बोर, बाभूळ, हिवर खाते. खाली वाकून गवत कुरतडणं तिला फारसं रुचत नाही. म्हणून शेळीचं रान उभं वाढवावं लागतं. बांधावर शेवरी, हादगा, शेवगा, सुबाभूळ आणि मधल्या पट्ट्यात मारवेल गवत व स्टायलो, ही जोडणी कोरडवाहू भागात चालते. सुबाभळीचं बी टणक असतं. गरम पाण्यातून काढून रात्रभर भिजत ठेवलं तरच ते नीट उगवतं. तिच्या पाल्यात मायमोसीन असतं. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या शेळ्यांचे केस झडतात, म्हणून एकूण चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नये. पाण्याची सोय असेल त्याने राहुरी कृषी विद्यापीठाच्या ‘फुले जयवंत’ नेपियरची ठोंबंही लावावीत. मात्र सगळी भिस्त नेपियरवर ठेवणारे शेळीला गाय समजतात.

ही झाडं पहिल्या वर्षी शेळीच्या तोंडी लागता कामा नयेत. रोपाचा शेंडा खाल्ला की वर्ष वाया. झाड डोक्यापर्यंत वाढू द्यावं, मग कमरेएवढ्या उंचीवर छाटावं. फुटवे पसरतात आणि पाला हाताशी येतो.

लावण्याआधी काढायचं काय, ते जास्त महत्त्वाचं आणि जास्त कंटाळवाणं. घाणेरी मुळासकट उपटावी; पावसाने जमीन मऊ झाली की ती निघते. तिने यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. धष्टपुष्ट शेळी तिला सहसा तोंड लावत नाही, भुकेली लावते. कालव्याकडेच्या बेशरमीची तर शेळीला चटकच लागते. पुढे ती झोकांड्या खाते. कण्हेरीची थोडी पानंही जिवावर बेततात. शेजारच्या वावरात पाण्यावाचून सुकलेली गुडघ्याएवढी ज्वारी असेल, तर तीही विषारीच; तिकडचं कुंपण आधी पाहावं.

कुसळी गवताचं नुकसान सावकाश दिसतं. दिवाळीच्या सुमारास त्याची कुसळं वाळतात, केसांत अडकतात आणि टोकदार असल्याने आत सरकत जातात. शेळीच्या ओठाजवळची गाठ दाबल्यावर पुवाबरोबर सुईसारखं कुसळ बाहेर आलेलं एकदा पाहिलं, की माणूस फुलोऱ्याआधीच विळा घेऊन रानात उतरतो. त्या वेळी कापलेलं हेच गवत चांगला चारा असतं.

नंतर येतात जंत. लेंडीतल्या अंड्यांपासून लागण करणारी अळी तयार व्हायला दमट हवेत आठवडाही पुरतो, आणि ती ओल्या गवतावर चढून बसते. म्हणून दव उतरेपर्यंत शेळ्या बाहेर काढू नयेत, आणि रानाचे कप्पे पाडावेत. टोंगा या पॅसिफिक बेटांवर शेळ्यांवर झालेला एक प्रयोग 1994 साली प्रसिद्ध झाला: 10 कप्पे, प्रत्येकात साडेतीन दिवस, म्हणजे त्याच कप्प्यात परत यायला पाच आठवडे. एकाच रानात कायम चरणाऱ्यांपेक्षा या शेळ्यांत जंत बरेच कमी राहिले, औषधही कमी लागलं. आपल्याकडे तीन एकरांत 10 कप्पे सगळ्यांना जमणार नाहीत. पाच-सहा पाडले तरी फरक पडतो. पाणी साचणारे खळगे बुजवावेत. तिथल्या गोगलगायींतून यकृतातला चपटा कृमी येतो.

कुंपणाबाबत एकच सूचना. जाळीचं भोक असं नको की शिंगांसकट डोकं आत जाईल आणि बाहेर येणार नाही. माळावर लांडगा असतो, आणि जाळीत अडकलेली शेळी त्याला पळवावीही लागत नाही. बाहेरून घायपात किंवा चिल्हारीची जिवंत ओळ लावली तर खर्च वाचतो. फक्त ती वाढायला वेळ लागतो, म्हणून तीही आधीच लावायची. रानातल्या विहिरीला कठडा नसेल तर तो मात्र बांधावाच लागतो.

आता शेळ्या घ्यायच्याच असतील, तर यंदाच्या पावसात फक्त झाडं आणि गवत लावा. गुरं चारायला न सोडता गवत कापून नेण्याची शिस्त हिवरे बाजार या गावाने पाळली आणि तिथले उघडे डोंगर हिरवे झाले. तुमच्या बांधालाही एक वर्ष द्या. आणि बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात शेड, शेळ्या, विमा यांच्या शेजारी चारा लागवडीचा रकाना कोरा असेल, तर सही करण्याआधी तो भरून घ्या.