दहा आधी की दोन?

आमच्या ग्रंथालयातील पुस्तक-पेढीचे संच ज्यांनी वापरले आहेत, त्यांना पुठ्ठ्यावरील चिठ्ठी ठाऊक असेलच. 'इ१०' म्हणजे इतिहासाचा दहावा संच, 'म३' म्हणजे मराठीचा तिसरा, 'रा७' म्हणजे राज्यशास्त्राचा सातवा. 'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयात काम करते. गेल्या सत्रात वहीतील ही यादी संगणकावर घेऊन ब्राउझरमध्ये दिसेल असे एक पान मी जावास्क्रिप्ट भाषेत तयार केले. त्या पानाने प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीला जो मनस्ताप दिला, त्यातून हा लेख निघाला आहे.

तिने इ१० परत केला. देवघेवीच्या टेबलावरील मुलाने छापील यादीत इ९ नंतरची ओळ पाहिली, तर तिथे मराठीचे संच सुरू झालेले. यादीत नोंदच नाही असे समजून त्याने चिठ्ठी बाजूला ठेवली. वास्तविक इ१० पानाच्या अगदी वर, इ१ च्या खाली होता. त्याच्यापुढे 'जमा' अशी खूण झाली नाही आणि परीक्षेचा अर्ज भरताना तिचे नाव थकबाकीत निघाले. दोन दिवस अर्जावर सही अडली. दोष त्या मुलाचा नव्हता, माझ्या पानाचा होता.

असे का व्हावे? जावास्क्रिप्टमधील 'सॉर्ट' या क्रियेला आपण काही नियम सांगितला नाही, तर ती प्रत्येक नोंद अक्षरांची माळ समजते आणि एकेक चिन्ह ताडून पाहते. युनिकोडमध्ये 'इ' ला २३११, '१' ला २४०७ आणि '२' ला २४०८ हे क्रमांक आहेत. इ१० आणि इ२ यांत 'इ' समान, पुढे '१' हा '२' पेक्षा लहान, झाला निकाल. शून्याकडे पाहायची वेळच येत नाही. इतिहासाचे ४० संच होते, म्हणून इ१ नंतर इ१० ते इ१९ आणि मग बाराव्या जागी इ२! शब्दकोशाला हा न्याय योग्य आहे, हजेरीपटाला नाही.

माझी यादी शिवाय साधी नव्हती. ती कपाटासारखी होती: बाहेरच्या यादीत एकेक विषय, विषयात त्याचे संच, आणि प्रत्येक संच म्हणजे पुन्हा संकेतांक, नाव व जमा-बाकी अशी छोटी यादी. सुधारणा करताना पहिल्यांदा मी नियम बाहेरच्या यादीला लावला. कपाटे हलली, खणांतील पुस्तके तशीच! प्रत्येक विषयाच्या आत शिरून तिथे क्रम लावावा लागतो आणि तुलना संपूर्ण नोंदीची नव्हे, तिच्यातील संकेतांकाची करावी लागते, हे समजायला एक दुपार गेली.

नियम असा. दोन संकेतांक घ्यावेत, प्रत्येकाचे अक्षरभाग आणि अंकभाग असे तुकडे करावेत. अक्षरे निराळी असतील तर त्यांवरून ठरवावे. सारखी असतील तर अंकांची वजाबाकी करावी. उत्तर ऋण आले तर पहिला आधी, धन आले तर दुसरा आधी. ऐकायला सोपे, पण मराठीने दोनदा अडवले. पहिले चिन्ह म्हणजे अक्षर असे धरून मी 'रा७' तोडला, तर हाती 'र' आणि 'ा७' आले. आपल्याला 'रा' एक अक्षर वाटते. संगणकापुढे 'र' व काना ही दोन चिन्हे असतात. तेव्हा पहिला अंक येईपर्यंतचे सारे अक्षरभाग मानावे.

दुसरी अडचण अधिक लबाड होती. 'नंबर' या क्रियेला '९' कळतच नाही! इंग्रजी आकड्यांपलीकडील अंक ती संख्या मानत नाही. 'संख्या नव्हे' असे उत्तर देते. अशा उत्तरांच्या वजाबाकीतूनही तेच निघते, सॉर्ट ते शून्य समजते आणि यादी मुकाट्याने होती तशी ठेवते. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. मग प्रत्येक अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करून मी खरी किंमत काढली: २४१५ वजा २४०६, म्हणजे नऊ. यादी दोघींनी टंकित केलेली. मैत्रिणीने इंग्रजी आकडे वापरलेले. त्यांचे क्रमांक ४८ ते ५७, म्हणून त्यांतून ४८ वजा केले.

एवढी खटपट टाळण्याची तयार सोय आहे, हे मागाहून कळले. 'लोकेल-कंपेअर' या क्रियेला 'न्यूमेरिक' हा पर्याय दिला, की ती अंकांचा सलग गट एक संख्या मानते, आणि देवनागरी अंकही ओळखते. आधी कळले असते तर दुपार वाचली असती. पण मग 'रा' मधला काना मला कधीच दिसला नसता.

कार्यालयांत जुनी युक्ती असते, ती म्हणजे ००९, ०१० अशी शून्ये भरणे. ग्रंथपाल सरांनी ती सुचवली होती. परंतु पुठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या आधीच चिकटलेल्या होत्या, आणि यादी चिठ्ठीशी जुळली नाही तर टेबलावरचा मुलगा पुन्हा फसणार.

आता एक 'रा७अ' आला आहे. हरवलेल्या रा७ च्या जागी घेतलेला. म्हणून मी अंकानंतर उरलेल्या भागाची तिसरी तुलना जोडली आहे, आणि नवी छापील यादी टेबलावर देण्यापूर्वी त्या विद्यार्थिनीलाच वाचायला दिली. तिने पहिल्यांदा इ१० शोधला.