कागदावरचे घर आणि परसातले घर

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन मूलभूत गरजा आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. धान्य पिकविणारा शेतकरी स्वतः शेतात उतरतो, कापड विणणारा विणकर स्वतः मागावर बसतो. परंतु घराचा आराखडा काढणारा स्वतः वीट लावताना क्वचितच दिसतो. काही विद्यापीठांतील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मात्र ही रीत मोडली. स्वतः आखलेले छोटे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभे केले. या शिक्षणपद्धतीतून काय मिळते आणि आमच्या फुलसावंगीसारख्या गावाला तिचा काय उपयोग, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी कलाशाखेचा विद्यार्थी. वास्तुशास्त्र हा माझा अभ्यासविषय नव्हे. पण घरात राहणे हा तर सर्वांचाच विषय आहे!

प्रथम या प्रयोगाची परंपरा पाहू. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९६७ साली चार्ल्स मूर यांनी विद्यार्थ्यांना केंटकी राज्यातील न्यू झायन या गरीब वस्तीत नेले आणि त्यांच्याकडून तेथे समाजमंदिर बांधून घेतले. पुढे १९८९ पासून त्या विद्यापीठाचे विद्यार्थी न्यू हेवन शहरात बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधू लागले. ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ साली अलाबामातील ग्रामीण भागात अशीच कार्यशाळा काढली. तिच्या विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये एका वृद्ध दांपत्यासाठी चक्क गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंतींचे घर बांधले. २००५ पासून त्यांनी स्वतःला आणखी एक अट घातली : साहित्य आणि मजुरी धरून घर २०,००० डॉलरांत बसले पाहिजे.

महाराष्ट्रही यात मागे नाही. मुंबईची आय.आय.टी. आणि रचना संसदेची वास्तुकला अकादमी यांच्या विद्यार्थ्यांचा 'टीम शून्य' हा संघ २०१४ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे सौर घरांच्या स्पर्धेत उतरला. स्वतः आखलेले घर त्यांनी तेथे उभे केले. वर्षभरात घराला लागेल तेवढी वीज त्याच्याच छपरावर निर्माण व्हावी, ही त्यामागची कल्पना होती.

या सर्व प्रयोगांचा गाभा एकच आहे. कागद कधी विरोध करीत नाही; साहित्य मात्र करते. कागदावर भिंतीची रेघ ओढायला क्षणभर पुरतो, पण तीच भिंत ओळंब्यात आणताना गवंड्याची परीक्षा होते. आमच्याकडचेच उदाहरण घ्या. कपाशीला मानवणारी आमची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यावरच थांबला, तर भिंतीला तडा जातो. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. हे पुस्तकात असतेच; पण सब्बल हातात घेऊन एकदा खोदल्यावर त्या एका ओळीला किती मजुरी लागते ते कळते.

आता परसाकडे वळू. अमेरिकेत घरामागच्या मोकळ्या जागेत लहानसे दुसरे घर बांधणे हा चर्चेचा विषय झाला आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०१७ पासून त्यासाठी कायदे सैल केले. आमच्या गावात ही गोष्ट कोणी कायद्याला न विचारता कधीपासून करीत आले आहे. मुलाचे लग्न झाले, भाऊ वेगळे झाले, की परसात एक खोली चढते. तिला आराखडा नसतो. चार खांब, वर टिनपत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन. बहुधा त्या खोलीत जाते कोण? घरातली म्हातारी माणसे. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपार काढणे म्हणजे काय, हे माझ्या आजीला विचारावे.

यावर शहरातला अभ्यासक सहज म्हणेल, "मग मातीच्या जाड भिंती आणि कवेलूच का घालत नाही?" म्हणणे खोटे नाही. जाड मातीत ऊन सावकाश शिरते आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. परंतु आजीनेच कवेलू काढायला लावले होते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते. माकडे कवेलू फोडतात. लाकूडफाट्याला उधळी लागते. आणि छपरावर चढणारा माणूस आता घरात राहिला नाही. टिनपत्रा लोकांनी अज्ञानाने नव्हे, हिशेबाने निवडला आहे. हा हिशेब वर्गात बसून समजणार नाही. ज्याने एकदा शाकारणी केली, तोच तिच्यावाचून चालेल असे थंड छप्पर शोधील.

तसा शोध वर्ध्यात झालेला आहे. १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी तेथे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले आणि गावच्या मातीतून, गावच्या कारागिरांकडून होईल अशा स्वस्त बांधकामाचे प्रयोग तेथे झाले. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, शेगावात म्हणजे आजच्या सेवाग्रामात माती, बांबू आणि कवेलू यांतून आश्रमाची घरे उभी राहिली. ती आजही पाहता येतात.

शासनाच्या ग्रामीण आवास योजनेने २०१६ साली घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविले. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, तेही स्वयंपाकाच्या जागेसह. एवढ्याशा जागेत खिडकी कोणत्या दिशेला, चूल कोठे, म्हातारीची खाट कोठे, हे ठरवायला खरे तर सर्वांत जास्त बुद्धी लागते. वास्तुविशारदाचा पाय मात्र अशा घराला क्वचितच लागतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एकदा या कामाला द्यावे. नागपूरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आपल्याबरोबर बोलवावे. आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन विचारावे : खोली कोणासाठी बांधली, खर्च किती आला, उन्हाळ्यात झोपता कोठे, पावसात गळते कोठे? अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या तिन्ही विषयांचा तेथे कस लागेल. त्यांनी त्यावरून आराखडा करावा आणि गावच्या गवंड्याच्या हाताखाली सर्वांनी मिळून एकाच परसातली एकच खोली बांधायला घ्यावी. सात दिवसांत ती पुरी होणार नाही; पाया भरून निघाला तरी पुष्कळ झाले. उरलेले काम पुढच्या तुकडीने करावे.

त्या खोलीत मे महिन्याची एक दुपार म्हाताऱ्या माणसाला शांत झोप लागली, म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झाली असे समजावे.