दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक : अभ्यासकांसाठी काही विचार

शास्त्राध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याला उपमा, रूपक, दृष्टान्त हे शब्द वारंवार भेटतात. कित्येकदा ते एकाच अर्थाने वापरलेही जातात. प्रवचनाच्या ओघात तसे झाल्यास कोणी दोष देत नाही. परंतु वचनाचा अर्थ लावताना हीच ढिलाई सिद्धान्तालाच बाधक ठरते. म्हणून या पाठात या संज्ञांची मर्यादा पाहावयाची आहे.

प्रथम साहित्यशास्त्राचे मत पाहू. उपमेची अंगे चार : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. 'हत्तीचा पाय खांबासारखा जाड आहे' या वाक्यात पाय हे उपमेय, खांब हे उपमान, जाडपणा हा साधारण धर्म व 'सारखा' हा साम्यवाचक शब्द होय. 'पाय जणू खांबच' असे म्हटले की उत्प्रेक्षा झाली. 'पाय हा खांबच' असा अभेद सांगितला की रूपक झाले.

दृष्टान्त अलंकाराची रीत निराळी आहे. 'सत्संगाने मनाचा मळ जातो. निवळीच्या बीने पाण्यातला गाळ खाली बसतो.' येथे दोन स्वतंत्र वाक्ये आहेत. 'सारखे', 'जणू' असा शब्द नाही. मळ जाणे आणि गाळ बसणे हे धर्मही एक नव्हेत. एक दुसऱ्याचे प्रतिबिंब आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात ज्याला दृष्टान्त म्हटले त्याचे मर्म हा बिंबप्रतिबिंबभावच होय. तोच एक धर्म दोन वाक्यांत निरनिराळ्या शब्दांनी सांगितला असता तर तिला प्रतिवस्तूपमा म्हटले असते.

न्यायशास्त्र दृष्टान्ताकडे अलंकार म्हणून पाहत नाही. गौतमाच्या सोळा पदार्थांत दृष्टान्त हा पाचवा. सामान्य लौकिक मनुष्य आणि शास्त्राची परीक्षा करणारा पंडित या दोघांचीही ज्या गोष्टीविषयी एकच बुद्धी होते, तो दृष्टान्त. ही व्याख्या विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावी. जे पंडिताला कळते पण गावकऱ्याला कळत नाही, ते दृष्टान्त होऊ शकत नाही.

आता दृष्टान्तपाठाकडे वळू. केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात 114 दृष्टान्त आहेत. प्रत्येकाची रचना त्रिविध : आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र व दृष्टान्त श्रीचक्रधरस्वामींचे, दार्ष्टान्तिक केशिराजबासांचे. सूत्र सिद्धान्त सांगते, दृष्टान्त तो लौकिकात दाखवितो आणि दार्ष्टान्तिक त्या दोहोंचा सांधा जुळविते. काव्यातल्या दृष्टान्ताला तिसरे अंग लागत नाही, कारण तेथे श्रोत्याने रस घ्यावयाचा असतो. येथे श्रोत्याने निर्णय करावयाचा असतो. म्हणून कोणता अंश घ्यावयाचा, हे सांगणे भाग पडते.

उदाहरण म्हणून सर्वपरिचित असा जात्यंधांचा व हत्तीचा दृष्टान्त घेऊ. ज्याच्या हाती पाय लागला तो हत्तीला खांबासारखा म्हणतो. ज्याच्या हाती कान लागला तो सुपासारखा म्हणतो. यात चुकले काय? वरवर वाचणारा म्हणेल, त्यांची उपमा खोटी. तसे नाही. पाय खांबासारखा असतोच. कान सुपासारखा असतोच. उपमान बरोबर, साधारण धर्मही बरोबर. चुकले ते उपमेय. 'पाय' म्हणावयाचे तेथे त्यांनी 'हत्ती' म्हटले. अंशाचे साम्य पूर्णावर लादले, आणि म्हणूनच त्यांचा वाद मिटेना. डोळस मनुष्य त्यांची उपमा खोडून काढीत नाही. तो ती तिच्या जागी नेऊन बसवितो.

या दृष्टान्ताचे मुख्य तात्पर्य परमेश्वरज्ञानाविषयी आहे, हे खरेच. परंतु दृष्टान्त कसा वाचावा याचाही धडा त्यात आहे. दृष्टान्त एकदेशी असतो. त्याचा एक अंश हाती घेऊन तो सर्वांगास लावणारा वाचकही जात्यंधांच्याच पंक्तीत बसतो.

हे मी स्वानुभवाने सांगतो. तरुणपणी एका गावी याच दृष्टान्तावर निरूपण करीत होतो. हत्तीचे वर्णन रंगले, मंडळी हसली, मीही सुखावलो. तेव्हा एक वृद्ध वासनीक बाई म्हणाल्या, "बाबा, हत्तीला पाय-कान आहेत, तर देवालाही तसे तुकडे आहेत का हो?" मी गोंधळलो आणि 'आजी, हे शास्त्र अवघड आहे' असे म्हणून पुढे गेलो. वास्तविक उत्तर सोपे होते : साम्य येथे एकदेशी पाहणाऱ्याच्या अपुरेपणापुरते घ्यावयाचे, अवयवांपुरते नाही. मी दृष्टान्त पाठ केला होता, दार्ष्टान्तिक विचारात घेतले नव्हते. शास्त्र अवघड नव्हते. माझेच अध्ययन अपुरे होते. त्या बाईंना ते उत्तर देण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत असता नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, ते म्हाताऱ्या-कोताऱ्या ज्ञानाला मुकतील म्हणून. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. पण भाषा मराठी ठेवूनही सांधा न जुळविता नुसती कथा सांगितली, तर त्या म्हाताऱ्या मुकतातच.

म्हणून विद्यार्थ्यांनी प्रत्येक दृष्टान्तापाशी तीन प्रश्न वहीत लिहावेत. सूत्रातील कोणत्या पदासाठी हा दृष्टान्त आला? दोहोंत साम्य नेमके कोणत्या धर्माचे? आणि कोणता अंश घ्यावयाचा नाही? पहिल्या दोहोंची उत्तरे दार्ष्टान्तिकात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर बहुधा स्वतः शोधावे लागेल. ते सापडेपर्यंत तो दृष्टान्त सभेत सांगण्याची घाई करू नये.

दंडवत प्रणाम.