सहल एक, पोरं तीन

मुलांनो, लोणारचे सरोवर आपल्याच जिल्ह्यात. एका दिवसात जाऊन येता येते. पण लहान-मोठी पोरं सोबत असली की बेत आधीच करावा लागतो. माझ्या घरी धाकटी चार वर्षांची, मधला नऊचा, मोठी तेराची, शिवाय आई. मी बेत केला तो असा.

उल्का आदळून झालेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. उतरताना मजा वाटते, चढताना दम लागतो. म्हणून उतरायचे सकाळीच, ऊन तापायच्या आत. धाकटी आजीजवळ वर धारेपाशी थांबेल. नुसतं ‘तू लहान, थांब’ म्हटलं की ती रुसते! म्हणून तिला काम दिले : माकडं मोजायची.

मधल्याजवळ हळदीचा कागद. सरोवराचे पाणी अल्कधर्मी, त्यात पिवळा कागद लाल होतो. मोठीने टिपण करायचे : जून २०२० मध्ये पाणी गुलाबी का झाले? खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. दुपारी सर्वांनी मिळून गावातले दैत्यसूदन मंदिर पाहायचे. परतीची बस मात्र उतरल्याबरोबर विचारून ठेवायची.

ध्यानात ठेवा : चाल सर्वांत लहानाची, काम ज्याच्या त्याच्या वयाचे.

स्वाध्याय : तुमच्या घरची माणसे सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायला निघाली. कोणाला कोणते काम द्याल? लिहा.